घाटाच्या अलीकडची गोळी

भिलाईत पावर हाउसच्या जवाहर मार्केटमध्ये चपला घ्यायला जा. दुकानदार आधी तुम्हाला स्टुलावर बसवतो. कोणासाठी हव्यात, घरात घालायच्या की बाहेर, पायाचा नंबर काय, सगळं विचारतो, आणि शेवटी ‘मॅडम, ये आपको काटेगी’ असं सांगून स्वतःच्याच मालाविरुद्ध साक्षही देतो. तिथून निघून चार पावलांवरच्या कुठल्याही मेडिकलमध्ये जा आणि म्हणा, ‘भैया, उल्टी की गोली देना.’ भैया मान वर करत नाही. कैचीने पट्टीतल्या दोन गोळ्या कापतो, इवल्याशा कागदी पाकिटात टाकतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. कोणाला होतेय, कशामुळे, कधीपासून, वय किती, काही नाही. पायात घालायच्या वस्तूची एवढी चौकशी, आणि पोटात घालायच्या वस्तूची इतकी बेफिकिरी! बरं, त्याने विचारलंच तर आपण तरी कुठे सांगणार? मागे रांगेत शेजारचे काका उभे असतात.

आमच्या घरात हे उलटीच्या गोळ्यांचं खातं आत्याकडे आहे. भिलाईतल्या बहुतेक मराठी घरांसारखं आमचंही घर पोलाद कारखान्याच्या नोकरीमुळे विदर्भातून इकडे आलं आणि इथलंच झालं. पण निम्मं गणगोत अजून नागपूर-भंडाऱ्याकडे, म्हणून प्रवास सुटत नाही. रेल्वेचा प्रवास निर्धोक. पावर हाउस स्टेशनवर गाडीत बसलं की रूळ सरळ, जमीन सपाट, डब्यातल्या पुऱ्या इतवारीपर्यंत जागच्या जागी राहतात. खरं संकट रस्त्याचं. आम्ही मैदानातली माणसं. आमच्या लेखी चढ म्हणजे पावर हाउसचा उड्डाणपूल. त्यामुळे कोणी जगदलपूरला जायचं काढलं की घरात आधी केशकालचं नाव निघतं. कांकेर मागे पडलं की तो घाट सुरू होतो. एकापाठोपाठ एक केसपिनी वळणं, मध्ये तेलिन मातेचं देऊळ, तिथे ड्रायव्हर लोक हात जोडतात. आमच्याकडे हात जोडतात ते गाडी लागणारे. कवर्ध्याच्या पुढचा चिल्फी घाटही तसाच, पण त्याचं आमच्या घराशी तितकं वैर नाही.

आत्याच्या पर्समध्ये स्टीलची एक डबी असते. तीत आलेपाक, लवंगा, लिंबाची सुकलेली फोड आणि कैचीने कापलेल्या गोळ्यांचे तुकडे. तिची पद्धत अशी की आधी माणसाला नीट ओकू द्यायचं, मग त्याच्या तोंडावर पाणी मारायचं आणि मग विजयी मुद्रेने गोळी पुढे करायची. ‘झाली ना सुरू? घे आता.’ आत्याचा जीव मोठा आहे, पण वेळ चुकते. गाडी लागायला लागली की पोटाचं पुढचं काम मंदावतं; आत आहे ते आतड्याकडे सरकत नाही, आणि गोळीचं शोषण व्हायचं ते आतड्यात. म्हणजे उशिरा घेतलेली गोळी आधीच्या पोह्यांबरोबर ताटकळत बसते आणि पुढच्या वळणाला त्यांच्याच बरोबर बाहेर येते. प्रवासाची म्हणून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली अव्होमिन, म्हणजे प्रोमेथाझिन, निघण्याच्या तास-दोन तास आधी घ्यायची असते. लांबचा पहाटेचा प्रवास असेल तर आदल्या रात्री झोपताना. भिलाईहून सकाळी निघणाऱ्याने केशकालसाठी ती उशिरात उशिरा धमतरीच्या चहाबरोबर तरी गिळलेली असावी. कांकेरला आठवण झाली तर घाट आपल्या पुढे आणि गोळी आपल्या मागे, अशी गत होते.

हे लागणं म्हणजे काय, ते एकदा कळलं की गाडी लागणाऱ्याविषयी घरात जी तुच्छता असते ती जरा कमी होते. कानाच्या आत खोलवर तीन बारीक अर्धगोल नळ्या आहेत. त्यांतला द्रव हलला की मेंदूला कळतं, आपण वळतोय, आपण झुकतोय. घाटात कान ओरडून सांगत असतो की आपण गरगर फिरतोय. डोळे मात्र समोरच्या सीटची पाठ नाहीतर हातातला मोबाइल बघत असतात आणि म्हणतात, छे, सगळं जागच्या जागी आहे. दोघांचं पटत नाही, मेंदू गोंधळतो, आणि शिक्षा पोटाला होते. म्हणून तर ड्रायव्हरला गाडी लागत नाही. पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं, कारण ते तोच घेणार असतो. दोन वर्षांच्या आतल्या पोरांना हा त्रास क्वचितच होतो, त्यापुढे बाराएक वर्षांपर्यंत सगळ्यात जास्त. नाजूकपणाचा यात काही संबंध नाही. इंग्रजांचा तो ॲडमिरल नेल्सन, ज्याने आख्खी आरमारं बुडवली, त्याला जन्मभर बोट लागत होती. डार्विन पाच वर्षं बीगल जहाजावर होता. समुद्र खवळला की तो आडवा होऊन मनुका चघळायचा.

आणि भिलाईकरांना शोभेल असं उदाहरण हवं असेल तर ते रशियन आहे. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या आमच्या कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. त्यानंतर अडीच वर्षांनी, ऑगस्ट १९६१ मध्ये, त्याच देशाचा घेरमान तितोव अंतराळात गेला. पृथ्वीला सतराहून अधिक प्रदक्षिणा, वय अवघं पंचवीस, आणि यान लागलं! अंतराळात ओकारी झालेला पहिला माणूस म्हणून त्याची नोंद आहे. १९८४ च्या एप्रिलमध्ये आपले राकेश शर्मा सल्यूत ७ वर गेले, तेव्हा योगासनांनी हा त्रास कमी होतो का, हेही त्यांच्या प्रयोगांमध्ये होतं. आता अंतराळवीरांना गरज पडली तर प्रोमेथाझिनचं इंजेक्शन देतात. म्हणजे तिकडे वर जे औषध चालतं तेच आत्याच्या डबीत, आलेपाकाला चिकटून बसलेलं आहे.

ही गाडीची औषधं सापडली कशी, ते मला फार आवडतं. १९४७ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अंगावर पित्त उठणाऱ्या एका बाईला ॲलर्जीवरचं एक नवं औषध दिलं. बाई नंतर सांगायला आल्या की पित्ताचं ठीकच आहे, पण आजकाल ट्राममध्ये मला मळमळत नाही. डॉ. गे आणि डॉ. कार्लिनर यांनी ते कानाआड केलं नाही. त्याच वर्षअखेरीस सैनिकांनी भरलेल्या जनरल बॅलू जहाजावर, खवळलेल्या अटलांटिकमध्ये, काहींना औषध आणि काहींना नुसत्या साखरेच्या गोळ्या देऊन त्यांनी परीक्षा घेतली. औषध पास झालं. डायमेनहायड्रिनेट म्हणतात ते हेच. बाईंनी ‘ट्राममधलं कशाला सांगायचं डॉक्टरांना’ असा सभ्य विचार केला असता, तर काय झालं असतं कोण जाणे.

मूळ ॲलर्जीचं घराणं असल्यामुळे या गोळ्या झोप आणतात, आणि अशी तशी नाही. आमच्या काकांना पुढची सीट हवी असते. ‘मला लागते’ म्हटलं की ती मिळते, हे त्यांनी फार पूर्वी हेरलंय. एकदा आत्याने ते शब्दशः खरं मानून निघतानाच गोळी दिली. काका बालोदच्या आधी झोपले. केशकाल झोपेत, कोंडागाव झोपेत, आणि चित्रकोटचा धबधबा समोर कोसळत असताना आम्ही त्यांना हलवून उठवलं तर म्हणाले, ‘पाऊस लागला का?’ हसण्यावारी गेलं, कारण ते पुढच्या सीटवर होते, स्टिअरिंगवर नव्हते. ही गोळी घेतलेल्या माणसाने त्या दिवशी स्कूटरही चालवायची नाही, आणि रात्री घेतली असेल तर दुसऱ्या सकाळची सुस्तीही धरून चालायचं. तिच्यावर दारू तर नकोच. दोघी मिळून श्वासाच्या वाटेला जातात. म्हाताऱ्या माणसांना तोल जाऊन पडण्याची भीती, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडायची भीती, काचबिंदू असेल तर आणखी वेगळी. दोन वर्षांखालच्या बाळाला तर प्रोमेथाझिन द्यायचंच नाही, श्वास मंदावू शकतो. आणि काही मुलं गुंगण्याऐवजी उलट चेकाळतात. घाटात चेकाळलेलं पोर म्हणजे काय, ते ज्याने बघितलंय त्याला ओकणारं पोर देवाघरचं फूल वाटतं.

आता मुद्द्याची गोष्ट. मेडिकलवाल्या भैयाने त्या पाकिटात टाकलेली गोळी बहुधा यातली नसतेच. ती असते ऑन्डानसेट्रॉन, जिभेवर विरघळणारी. चांगलं औषध आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. ते आलं ते कॅन्सरच्या औषधांनी होणाऱ्या ओकाऱ्यांसाठी, १९९० च्या आसपास, आणि किमोथेरपी घेणाऱ्यांचं जगणं त्याने खरोखर सुसह्य केलं. त्याआधीचे वॉर्ड ज्यांनी पाहिलेत त्यांना विचारा. पण ते अडवतं पोट-आतड्याकडून निघालेली तक्रार. कानाकडून आलेल्या तक्रारीची वाट निराळी आहे, तिथे या गोळीचा फारसा पहारा नाही. म्हणून लोक दोन-दोन गोळ्या जिभेवर विरघळवून केशकाल चढतात आणि दुसऱ्या वळणाला खिडकीकडे झेपावतात. वर ‘आजकाल औषधांत दम राहिला नाही’ हे आहेच. औषधात दम होता हो. त्याला चुकीच्या दाराशी उभं केलं होतं. शिवाय ही गोळी पुष्कळांना बद्धकोष्ठ करते, डोकं दुखवते. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

तिसरी मंडळी आपल्या लग्नघरांत भेटते: पॅन्टोप्राझोल आणि डॉम्पेरिडोन ही जोडगोळी. हळदीपासून सत्यनारायणापर्यंत रोज सकाळी उपाशीपोटी ती घेणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या मते ते औषध नसतंच, नाश्त्याची पूर्वतयारी असते. डॉम्पेरिडोन पोटाला पुढे ढकलायला मदत करतं, खरं आहे. पण २०१४ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी हृदयाच्या तालावरचा परिणाम बघून त्याला लगाम घातला. मळमळ-उलटीपुरतंच वापरा, मोठ्या माणसाला १० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदाच्या वर नाही, आणि साधारण आठवड्याच्या वर नाही. काही अँटिबायोटिकं आणि बुरशीवरची औषधं त्याच्याबरोबर घेतली तर धोका वाढतो. आमच्याकडे माणूस आठवड्याचं वर्षभर करतो आणि डॉक्टरांनी ‘आणखी काय काय चालू आहे?’ विचारलं की म्हणतो, ‘काही नाही, फक्त गॅसची एक.’

याच कुळातली पेरिनॉर्म, म्हणजे मेटोक्लोप्रमाइड. हिचा एक विचित्र स्वभाव आहे. क्वचित, पण विशेषतः तरुण पोरापोरींना, गोळीनंतर किंवा इंजेक्शननंतर मान एकीकडे पिळते, डोळे वर चढतात, जबडा वाकडा होतो. बघणाऱ्याला वाटावं की बाधा झाली, आणि तसं समजून लिंबू-मिरची शोधायला निघणाऱ्यांनाही दोष देता येत नाही, दिसतंच तसं. दवाखान्यात नेलं की बहुधा एका इंजेक्शनवर मान सरळ होते. गंमत म्हणजे आपल्याकडे त्यासाठी अनेकदा प्रोमेथाझिनचंच इंजेक्शन देतात, एका उलटीच्या औषधाचं भूत दुसऱ्याने उतरवायचं. ज्याला एकदा असं झालं त्याने त्या औषधाचं नाव पाकिटात आधार कार्डाशेजारी लिहून ठेवावं. आणि चक्कर येते म्हणून स्टेमेटिल वर्षानुवर्षं घेणाऱ्या आजीचे हात थरथरायला लागले, तर वयाच्या आधी गोळीवर संशय घ्यावा.

पोर हगवण-उलटीने बेजार असतं तेव्हा तर गोळी दुय्यमच. तिथे खरा मान ओआरएसचा. १९७१ च्या निर्वासितांच्या लोंढ्यात, बनगावच्या छावणीत, सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून पाजलं आणि कॉलऱ्याने मरणारी माणसं वाचवली. तेच पाणी आज पाकिटात मिळतं. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, मग चमच्या-चमच्याने, घाई न करता. एकदम ग्लासभर पाजलं तर ते ग्लासभरच परत येतं, आणि आजी म्हणते ‘पाणीसुद्धा ठरत नाही’. डॉक्टर कधी ऑन्डानसेट्रॉनचा एक डोस देतात तो हे पाणी पोटात ठरावं म्हणून, वजनाच्या हिशेबाने. मोठ्याची गोळी अंदाजाने अर्धी मोडून नव्हे.

दिवस गेलेल्या बाईच्या बाबतीत मात्र आमच्या घरात आत्याचाही हात डबीकडे जात नाही. १९५७ मध्ये जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचं औषध आलं. गरोदरपणातल्या मळमळीसाठीही ते बिनधोक म्हणून दिलं गेलं, आणि १९६१ मध्ये बंद होईपर्यंत जगभर हजारो बाळं हातापायांच्या व्यंगासह जन्मली. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी नावाच्या अधिकारी बाईंनी ‘पुरावा आणा’ म्हणून त्याची फाइल अडवून धरली. सरकारी कचेरीतल्या अडवणुकीचं कौतुक करण्याचा योग आयुष्यात क्वचित येतो, तो हा. पुढे डॉक्सिलामाइन आणि बी-सहा जीवनसत्त्वाची गोळीही खटल्यांच्या धसक्याने अमेरिकेत १९८३ मध्ये बंद झाली; तिच्यात दोष सापडला नव्हता, आणि २०१३ मध्ये ती परत आली. आपल्याकडे डॉक्टर तीच लिहून देतात. आलंही बऱ्याच जणींना उपयोगी पडतं. पण पाणीही न ठरणं, वजन उतरणं, लघवी कमी होणं म्हणजे कडक डोहाळे नव्हेत, तिथे दवाखाना.

दवाखान्यावरून आठवलं. काही ओकाऱ्या दाबायच्याच नसतात. डोक्याला मार लागल्यानंतरची, हिरवी किंवा रक्ताची, मान ताठ आणि डोकं फुटत असतानाची, पोट दगडासारखं झालेलं असतानाची. मधुमेही माणसाला घाम फुटून मळमळतंय, छाती जड वाटतेय, आणि घरचे म्हणताहेत ‘गॅस झालाय, गोळी घे’, तर आधी सेक्टर नाइनचं हॉस्पिटल गाठा, गॅस तिथेही सुटतो. आणि मे महिन्यात, जेव्हा भिलाईचा डांबरी रस्ता चपलेला धरून ठेवतो, तेव्हा उन्हातून आलेल्या माणसाची मळमळ गोळीची नसतेच. त्याला सावली, वारा, पाणी, मीठ-साखर. तो भ्रमिष्टासारखा बोलू लागला तर मात्र अंगावर पाणी ओतत थेट दवाखाना. याच उन्हावर उतारा म्हणून छत्तीसगढी घरांत उन्हाळ्यात बोरे-बासी खातात, रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, सोबत कांदा. आमच्या घरात ती शेजारणीकडून आली आणि आता आत्या तिला स्वतःचा शोध म्हणून पाहुण्यांना वाढते.

डबीचं मात्र मी काहीतरी करायचं ठरवलं. कापलेल्या पट्टीची गंमत अशी की नाव या तुकड्यावर राहतं आणि तारीख त्या तुकड्याबरोबर दुसऱ्याच कोणाच्या घरी जाते. म्हणून आता पूर्ण पट्टी घ्यायची, नाहीतर पाकिटावर नाव, ताकद, मुदत तिथल्या तिथे लिहून मागायची. भैया कुरकुरतो, पण लिहितो. घरी आम्ही तीन पाकिटं केली आणि आत्याने आपल्या हाताने त्यांच्यावर लिहिलं: ‘गाडीची – आधी’, ‘पोटाची – पाण्यासोबत’, आणि जी कोणाला कधी द्यायची याबद्दल तिची खात्री नव्हती त्यांच्यासाठी ‘डॉक्टरला विचारून’. परवा जगदलपूरला निघताना बघितलं तर तिसऱ्या पाकिटात आवळासुपारी. मी आत्याकडे बघितलं. ‘अगं, पोरं दुसऱ्या कुठल्याही पाकिटात हात घालतात,’ ती म्हणाली, ‘याला घाबरतात.’